मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातला रानटी क्लोव्हर ओळखायचा आहे

नमस्कार मंडळी, मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. घरामागच्या उतारावर एप्रिलमध्ये क्लोव्हर (तीन दलांच्या पानांची रानवनस्पती) फुलला आहे. फुलं जांभळी, टोकं पांढरी. आपल्याकडचा चाऱ्याचा बरसीमही याच ट्रायफोलियम प्रजातीतला, वर्षायुच; पण त्याच्या पिवळसर पांढऱ्या फुलांच्या गेंदाखाली असली गंमत नसते. इथे प्रत्येक गेंदाखाली हिरवी, चपटी बशी आहे, कडा करवतीसारख्या कातरलेल्या. भिंगातून बघितली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले!

एक रोप मुळासकट काढलं. बारीक सोटमूळ, जमिनीखाली आडवी खोडं नाहीत. म्हणून ट्रायफोलियमची बहुवर्षायु जात वर्मस्कियोल्डी मी बाद केली. उरतात दोन जाती: विल्डेनोवी आणि व्हेरिएगेटम. माझ्या रोपाची दलं (पानाचे तीन छोटे भाग) अरुंद, लांबट, काठाला टोकदार दाते. खोडावर लव अजिबात नाही. त्यामुळे माझा कल विल्डेनोवीकडे आहे. पण उताराच्या तळाशी, जिथे पाणी मुरतं, तिथल्या रोपांची दलं चांगलीच रुंद आहेत. व्हेरिएगेटमला ओलावा आवडतो, म्हणून घोळ झालाय.

तर, ओलाव्यामुळे एकाच जातीची दलं इतकी बदलतात का, की या दोन जाती शेजारी वाढताहेत? फूल उकलून संवर्ताच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या आवरणाच्या) दात्यांत नेमकं काय बघू? आणि बी कठीण कवचाचं असतं, तर पेरण्याआधी सँडपेपरवर किती घासावं? गवत कापणारे मे महिन्यात येतात, त्याआधी रोपांना खुणा करून ठेवायच्या आहेत. कुणी हाताळला असेल तर कृपया सांगा.