मदत हवी आहे: व्हॉल्यूमच्या बटणावर टॉर्च

आमचे बाबा मालवणात पहाटे होडी घेऊन जातात. हात ओले, बोटांना बांगड्याची खवलं चिकटलेली, मग स्क्रीन बोटाला दादच देत नाही. व्हॉल्यूमचं बटण दाबून धरलं की टॉर्च लागावा, एवढंच हवंय.

बाजारात एकाने फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायला सांगितलं. ते नकोच, बँकेची अ‍ॅप्स बंद पडू शकतात. बाहेरून एपीके (अ‍ॅपची फाईल) टाकली तर बटण दाबलेलं ओळखायला अशा अ‍ॅपला लागणारी अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी अँड्रॉइड १३ पासून सहज मिळत नाही.

प्ले स्टोअरवर 'की मॅपर' हे बटणांना हवं ते काम नेमून देणारं अ‍ॅप दिसलं. कुणी वापरलंय का? स्क्रीन बंद असतानाही चालतं का? बॅटरी दुपारपर्यंत टिकायला हवी. कृपया सांगा, बाबांची मला फार काळजी वाटते.