मदत हवी आहे : बावचीच्या क्रीमची लॅब तपासणी, नेमकी कशाकशाची करून घ्यायची?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितेय. आमचा ११ बायकांचा बचत गट आहे. कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे भिरंडेल, आमच्याकडे पूर्वीपासून काढतात. थंडीत टाचांच्या भेगांवर याच्यासारखं दुसरं काही नाही. त्यातच थोडी कोरफड घोटून आम्ही घरच्या घरी मलम करायचो आणि ओळखीपाळखीत द्यायचो.

गेल्या वर्षी बेळगावच्या एका दुकानदारांनी सुचवलं, "टाचांचं सोडा वहिनी, चेहऱ्याचं करा. सुरकुत्यांवर बावचीतल्या बकुचिऑलला लई मागणी हाय." बावची ही औषधी वनस्पती, बकुचिऑल हा तिच्या बियांतला घटक. माझं बी.एस्सी. केमिस्ट्रीत झालंय, म्हणून गटातल्या सगळ्यांनी वाचायचं काम माझ्यावर सोपवलं. वाचलं. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीत आलेली एक चाचणी सापडली. ४४ जणांवर १२ आठवडे केलेली. काहींना ०.५ टक्के बकुचिऑल दिवसातून दोनदा, बाकीच्यांना ०.५ टक्के रेटिनॉल (सुरकुत्यांवर वापरतात ते अ जीवनसत्त्वाचं रूप) दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे साधारण सारखेच कमी झाले, आणि रेटिनॉलवाल्यांची त्वचा जास्त सोलवटली, चुरचुरली. मला ते पटलं. आणि तिथेच माझी चूक झाली. चाचणी झाली ती शुद्ध करून वेगळ्या काढलेल्या बकुचिऑलवर. मी बाजारातून आणलं ते बावचीचं तेल.

पहिला घाणा गटातच वाटला. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, रोज रात्री लावायच्या. पाचव्या दिवशी भातकापणी होती म्हणून त्यांनी सकाळीही लावलं आणि दिवसभर उन्हात राहिल्या. संध्याकाळी घरी आल्या त्या गालाला पदर लावूनच. "तोंडाला तिखट चोळल्यागत होतंय बघ गं." दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर लाल चट्टे आणि डोळ्याखाली पाण्याचे बारीक फोड. डॉक्टरांनी डबी हुंगली आणि पहिला प्रश्न विचारला, "यात बावची आहे का?"

मला तेव्हा उमगलं. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ते काम बावचीतल्या सोरालेनचं. ऊन पडलं की ते त्वचेवर उठतं. हेच सोरालेन आमच्या डबीत होतं आणि मी ते अक्कांच्या गालावर लावायला दिलं होतं. फोड गेले, पण काळे डाग अजून आहेत. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटतं.

सगळ्या डब्या परत घेतल्या. पण गटाला हा उद्योग सोडायचा नाहीये आणि मलाही नाही. नीट तपासूनच करू असं ठरवलं आणि एका खासगी लॅबमध्ये नमुना दिला. अक्कांचं सगळं सांगितलं, 'सुरक्षित आहे का ते बघा' असं स्पष्ट म्हटलं. तीन आठवड्यांनी दोन पानांचा रिपोर्ट आला. त्यात एकच चाचणी, डीपीपीएच, आणि खाली 'अँटिऑक्सिडंट क्रिया ८२ टक्के'. बाकी काही नाही.

ही चाचणी मी कॉलेजात स्वतः केलेली आहे. नळीत गडद जांभळं द्रावण असतं, त्यात नमुना घालायचा, जांभळा रंग फिकट होत पिवळा पडतो, आणि तो किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. अंगणातल्या आवळ्याचा रस घातला तरी रंग उतरेल. त्या नळीत कातडी नाही, ऊन नाही, अक्का नाहीत. क्रीम त्वचेत उतरतं की वरच राहतं, त्वचा घट्ट ठेवणाऱ्या कोलेजन या प्रथिनाचं काय होतं, उन्हात काय होतं, यातलं एकही त्यातून कळत नाही. दुकानदार म्हणतात की ८२ टक्के डबीवर छापा, 'लॅबमध्ये सिद्ध' लिहा. मी साफ नाही म्हटलंय. असं छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

मला एवढं समजतं की चाचण्यांच्या पायऱ्या असतात. पेशींवर करायच्या वेगळ्या : फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेतल्या कोलेजन करणाऱ्या पेशी, वाढवून त्या जगतात का, कोलेजन किती करतात ते बघणं. त्वचेत काय उतरतं हे बघायला फ्रांझ सेल. त्यात काचेच्या दोन कप्प्यांच्या मधे डुकराच्या कानाची कातडी किंवा पडदा ताणून बसवतात, वर क्रीम, खाली ढवळतं द्रावण, आणि ठरावीक तासांनी खालचं पाणी काढून त्यात काय किती उतरलं ते एचपीएलसी या यंत्रावर मोजतात. सुरकुतीचं खरं उत्तर माणसांवरच्या काही आठवड्यांच्या चाचणीतच मिळतं. ते आमच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे मी गटात सांगून टाकलंय. कुणीतरी ससा पाळून त्याच्यावर लावून बघू म्हणालं, पण सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, आणि नसती तरी मी केलं नसतं.

तेव्हा प्रश्न असे. गटाकडे तपासणीसाठी थोडेच पैसे उरलेत. आयएस ६६०८ हे त्वचेच्या क्रीमचं मानक मी बघितलं. पीएच, शिसं २० पीपीएमच्या (दहा लाखात २० भागांच्या) आत, आर्सेनिक २ च्या आत, जंतू ग्रॅमला १००० पेक्षा कमी, ४५ अंशांवर क्रीम फुटतं का, एवढं तर करावंच लागेल ना? आमच्यात कोरफडीचं पाणी आहे, त्यामुळे बुरशीची मला फार धास्ती आहे. प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं आहे की नाही बघणारी २८ दिवसांची चॅलेंज टेस्ट आधी करावी की सोरालेन मोजून घ्यावं?

दुसरं, परवाना कर्नाटकाचा घ्यावा लागणार, पण आम्हाला कोल्हापूर जवळ. तिथल्या लॅबचा रिपोर्ट बंगळुरात चालतो का? अर्ज करताना कुणाला अडचण आली असेल तर जरूर सांगा. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची संस्था आहे, तिथे बाहेरचे नमुने घेतात का?

भर, तीन दिवसांनी :

इतक्या जणांनी मनापासून लिहिलंत, खूप आभार. दोन गोष्टी फार उपयोगी पडल्या.

एक म्हणजे लोन लायसन्स. परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल करून घ्यायचा, त्यासाठी सीओएस-६ अर्ज आणि सीओएस-९ परवाना. स्वतःचं युनिट उभं करण्यापेक्षा हे आम्हाला झेपेल. गटात वाचून दाखवलं, सगळ्या तयार आहेत.

दुसरी, मी ज्या प्रश्नासाठी तळमळत होते त्याचीच चाचणी आहे, हे इथे कळलं. ३टी३ न्यूट्रल रेड, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-नियमावलीत क्रमांक ४३२. उंदराच्या पेशींच्या दोन ताटल्या, दोन्हीत तोच नमुना, एकीवर यूव्हीए प्रकाश टाकायचा, दुसरी अंधारात. मग न्यूट्रल रेड हा रंग दोन्हींत घालायचा. जिवंत पेशी तो शोषून घेतात, मेलेल्या घेत नाहीत. उजेडातल्याच मेल्या तर नमुना उन्हात घातक ठरतो. अक्कांच्या गालावर जे झालं ते ताटलीत आधीच दिसलं असतं.

बावचीचं तेल आता पूर्ण बंद. शुद्ध बकुचिऑल घ्यायचं ठरतंय, पण पुरवठादाराच्या कागदावर फक्त 'शुद्धता' लिहिलीय, सोरालेन आणि आयसोसोरालेन किती ते नाही. युरोपात उन्हापासून बचावाच्या क्रीममध्ये ही फ्युरोकुमारिनं (सोरालेनच्या कुळातली रसायनं) किलोला १ मिलिग्रॅमच्या आत लागतात. आमचं सनस्क्रीन नाही, पण आमच्या बायका दिवसभर शेतात असतात, म्हणून मी तोच आकडा धरून चाललेय. पुरवठादाराकडून तो लेखी मागणं रास्त आहे ना? आणि ही ३टी३ चाचणी धारवाड, कोल्हापूर किंवा पुण्यात कोण करतं? येत्या गुरुवारी अक्कांना डॉक्टरांना दाखवायला बेळगावला नेणार आहे. त्याआधी कुणी सांगितलंत तर त्याच फेरीत नमुना देऊन येईन.