सोसायटीच्या बागेत फूटभर खाली राडारोडा निघाला, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या तीन इमारतींच्या मधे साधारण तीन गुंठ्यांची सामाईक बाग आहे. बाग आपली म्हणायची. सध्या तिथे झाडांपेक्षा पाट्या जास्त. 'फुले तोडू नयेत' (फुलं नाहीत), 'हिरवळीवर चालू नये' (हिरवळ नाही). गेल्या मीटिंगमध्ये सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव जेमतेम पडला, त्यामुळे पावसाळ्यात काहीतरी उगवून दाखवणं आम्हा बागवाल्यांना भाग आहे.

पहिल्या रविवारी श्रमदानाला नऊ जण आले, त्यातले तिघे पोह्यांपुरते. फूटभर खणलं आणि कुदळ खण्णकन वाजली. विटांचे तुकडे, फरश्या, सिमेंटची ढेकळं. पार्किंगचं काम झालं तेव्हा सगळं इथेच गाडलेलं दिसतंय. त्याखाली काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसात चिखल होणारी. माळीबुवा म्हणतात, वर दोन ट्रक लाल माती पसरा, झालं. मला ते पटत नाहीये. राडारोडा पूर्ण उपसायचा, की त्यावरच विटांचे उंच वाफे बांधायचे?

दुसरं, कोपऱ्यातली सुबाभूळ. शेंगा फुटून बी सगळीकडे पडतं, रोज रोपं उपटतोय. एक जण 'रात्रीत साफ करून देतो' म्हणाला, त्याला हात जोडले. झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते एवढं माहीत आहे. नुसत्या छाटणीसाठी कुणी अर्ज केलाय का? सोबत काय जोडलं?

तिसरं म्हणजे पाचोळा. खतासाठी साठवायचा आहे, पण तळमजल्यावरच्या काकू म्हणतात साप येतील. त्यांची समजूत कशी घालावी?

प्रतिसाद १: लाल माती नकोच. खाली पाणी मुरत नसेल तर वरची माती पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये येईल. आधी तीन-चार ठिकाणी फूटभर खड्डे घ्या, एकदा पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. पाणी जिरतं तिथे मोठी झाडं, साचतं तिथे वाफे. सगळा राडारोडा उपसू नका, कंबरडं मोडेल. झाडापुरता दोन-दोन फुटांचा खड्डा साफ करून पाचोळा, शेणखत आणि तीच काळी माती घाला. बहावा, तामण, कांचन लावा, आपल्या हवेतली झाडं आहेत.

प्रतिसाद २: पाचोळ्याचा उघडा ढीग नको, जाळीचा पिंजरा करा आणि भिंतीपासून लांब ठेवा. ओला कचरा त्यात टाकलात तर उंदीर येतील आणि उंदरांमागे काकूंचा साप. आमच्याकडे पहिल्या चाळणीचं खत तक्रार करणाऱ्यांच्याच तुळशीला दिलं, तेव्हापासून शांतता आहे.

धागाकर्ती: दोघांचे आभार. काल खड्डे घेतले. कंपाउंडच्या बाजूचं पाणी दोन तासांत गायब. पार्किंगकडच्या खड्ड्यात आज सकाळीही तसंच, वर एक बेडूक. म्हणजे तिकडे वाफे ठरले. काकूंना खताचं सांगितलं, त्यांनी दोन कुंड्या आधीच खाली आणून ठेवल्यात. सुबाभळीच्या अर्जाचं मात्र कुणीच बोललं नाही. अनुभव असेल तर कृपया लिहा, सेक्रेटरी सही करायला तयार बसलेत.