ग्राफीन: रेडिओचा नाद सोडावा का?

कार्बनकाका (धागाकर्ता):
ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड थर. त्यावरचं २०१० चं नोबेल झालं, युरोपीय संघाने २०१३ पासून दहा वर्षांसाठी १ अब्ज युरोंचा प्रकल्प काढून झाला. तरी मोबाइलच्या रेडिओत अजून सिलिकॉन आणि गॅलियम आर्सेनाइडच. माझं मत: ग्राफीन सेन्सरसाठी धरा, वायरलेससाठी सोडा.

आरएफवाली:
साफ असहमत. आयबीएमने २०१४ मध्ये अख्खी रिसीव्हर चिप करून दाखवली. तीन ग्राफीन ट्रान्झिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर त्याच वेफरवर, ४.३ गिगाहर्ट्झवरचा संदेश नीट वाचला. त्यांची क्लृप्ती बघा: बाकीचे भाग आधी उरकले आणि ग्राफीन सगळ्यात शेवटी बसवलं. नाहीतर पुढच्या प्रक्रियांत एका अणूच्या त्या थराची वाट लागते.

कार्बनकाका:
संदेश कसला, 'आयबीएम' ही तीन अक्षरं! दुखणं वेगळंच आहे. ग्राफीनला बँडगॅप नाही, म्हणजे करंट पूर्ण बंद करू देणारी ऊर्जेची फट नाही. ड्रेनचं (ट्रान्झिस्टरच्या ज्या टोकातून करंट घेतात त्याचं) व्होल्टेज वाढवलं की करंट एका पातळीला थांबायला हवा, इथे तो चढतच राहतो आणि पॉवर गेन (सिग्नलची ताकद किती पट वाढते ते) मार खातो. ग्राफीनचा १०० गिगाहर्ट्झचा ट्रान्झिस्टर २०१० मध्ये गाजला, पण तो आकडा करंट गेनचा होता, पॉवर गेनचा नव्हे. इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचे अ‍ॅम्प्लिफायर २०१४ मध्येच १ टेराहर्ट्झला पोचले.

बंड्या_ओहम:
काका, सगळा रेडिओ म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर नव्हे. ग्राफीनमध्ये गेटचं (करंटवर ताबा ठेवणाऱ्या टोकाचं) व्होल्टेज कुठल्याही बाजूला न्या, करंट वाढतोच. एकीकडे इलेक्ट्रॉन, दुसरीकडे होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन भारासारखी वागणारी). आलेख व्ही आकाराचा. त्याच्या तळाशी सिग्नल दिला की बाहेर दुप्पट फ्रिक्वेन्सी, म्हणजे डबलर. एमआयटीने २००९ मध्ये एकाच ट्रान्झिस्टरवर हे केलंय.

आरएफवाली:
+१. आणि सेन्सरचंही फार कौतुक नको. मँचेस्टरवाल्यांनी २००७ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडचे सुटे रेणू टिपले, पण प्रयोगशाळेत. सगळा पदार्थ म्हणजे नुसता पृष्ठभाग, म्हणून तो इतका हळवा. पण मग वाफेलाही तितकाच हळवा. जुलैत दादरच्या चौकात लावून दाखवा!

कार्बनकाका:
गॅस सेन्सरचं मान्य, तिथे बोंब आहे. मी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा, म्हणत होतो. तो पॅकेजमध्ये बंद असतो, हवेचा संबंधच नाही. त्याला गतिमान आणि मोजकेच इलेक्ट्रॉन पुरतात, बँडगॅप लागतच नाही. ब्रिटनची पॅराग्राफ कंपनी असे सेन्सर विकते, सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत त्यांची चाचणीही झाली आहे.

बंड्या_ओहम:
बँडगॅप लागत नाही म्हणून हॉल सेन्सर पास. मग डबलर आणि मिक्सरलाही (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणाऱ्या भागालाही) लागत नाही की! त्यांनाच सावत्र वागणूक का?