मराठी बायबलातले 'शास्त्री': कारकून, नकलनवीस की पंडित?

बडोदेकर_पोथी: प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्यांवर मंडळात बोलायचं आहे. जोडीला प्राचीन ज्यू लेखनिक घेतोय. मराठी बायबल त्यांना 'शास्त्री' म्हणतं, म्हणजे नक्की कोण? आणि तोरा (त्यांच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं) लिहिताना चूक झाली तर काय करत? आपले लेखक हरताळ फासून मोकळे व्हायचे.

दप्तरी: तिन्ही, पण काळानुसार. मूळ हिब्रू शब्द 'सोफेर'. राजांच्या काळात तो आपल्या फडणीस-चिटणिसासारखा. मंदिराच्या पेटीत पैसे साठले की राजाचा सोफेर आणि मुख्य याजक मिळून मोजत (२ राजे, अध्याय १२). शाफानही असाच दरबारी. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ योशीया राजाला त्यानेच वाचून दाखवला. बारूख मात्र यिर्मया या संदेष्ट्याचा लेखनिक. यहोयाकीम राजाने यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली, तर याने यिर्मयाच्या तोंडून ऐकून पुन्हा लिहिली. एज्रा याजक आणि सोफेर दोन्ही. 'शास्त्री' खरा शोभतो तो इथून पुढे.

सामान्य माणसाला सोफेर लागे तो दस्तऐवजासाठी. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर इ.स.पू. ५व्या शतकातली ज्यू वस्तीची अरामी कागदपत्रं मिळालीत: लग्नाचे करार, घरांची खतं, कर्जरोखे. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव नि साक्षीदार, अगदी आपल्या खतासारखं.

मायफळ_हिराकस: चुकीबद्दल. नियम तालमूद (ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ) आणि नंतरच्या धर्मशास्त्रातले आहेत.

तोरात ३,०४,८०५ अक्षरं. शुद्ध जनावराचं चर्मपत्र, त्यावर शाईविना टोकाने ओढलेल्या रेघा, आणि अक्षर रेघेला खालून लोंबतं, देवनागरीसारखंच. पाठ असलं तरी समोर नमुना हवाच; शब्द उच्चारून मगच लिहायचा. प्रत्येक अक्षराभोवती कोरं चामडं राहिलं पाहिजे. दोन अक्षरं चिकटली की गुंडाळी बाद, वाचता आली तरी.

साधी चूक सुरीने खरवडून दुरुस्त होते. देवाचं नाव मात्र खोडता येत नाही; नाव लिहिण्यातच चूक झाली तर तो अख्खा तुकडा काढून पुरतात आणि नवा लिहून स्नायूच्या दोऱ्याने शिवतात. मेझुझा (दाराच्या चौकटीवरचा लेख, ७१३ अक्षरं) आणखी कडक: अक्षरं क्रमानेच लिहायची. सुटलेलं अक्षर मागाहून घुसवता येत नाही, तोरात येतं.

शाई मायफळ (ओक झाडावरची गाठ), हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंकाची. हिराकस जास्त झाला तर कालांतराने चामडं खातो. थर जाड बसला तर गुंडाळताना तडकतो, अक्षर तुटतं, पुन्हा बाद. जुन्या काळी काजळाची होती, मृत समुद्राजवळच्या बहुतेक गुंडाळ्या तशाच.

दप्तरी: पण हे काटेकोरपण सुरुवातीपासूनचं समजू नका. मृत समुद्राजवळच्या कुमरानला मिळालेल्या यशया (बायबलातलं एक पुस्तक) गुंडाळीत (सुमारे ७.३ मीटर, ५४ स्तंभ) सुटलेले शब्द ओळींच्या वर लिहिलेत, नको ती अक्षरं ठिपके देऊन रद्द केलीत.

बडोदेकर_पोथी: ठिपक्यांची युक्ती भारी! तुलनेला मुद्दा मिळाला. आपला लेखक पोथीच्या शेवटी लिहितो, 'जसं पाहिलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका'.

मायफळ_हिराकस: सोफेरला ती सवलत नाही. एक अक्षर तुटलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत सभेतल्या वाचनाला चालत नाही.