‘जबाबदारी’ म्हणजे दोष का? भाषांतरातली एक अडचण

सुईदोरा, सोलापूर
अशोक चौकाजवळ विडी कामगार स्त्रियांची एक बैठक आम्ही दोघी-तिघी दर शनिवारी घेतो. घरात मारहाण सोसलेल्या स्त्रियांसाठी आत्मविकासाची एक इंग्रजी पुस्तिका मी मराठीत करीत आहे. तिचे मुख्य सूत्र असे, की जे घडले त्यात तुमचा दोष नाही. मात्र यापुढे सावरण्याची जबाबदारी तुमची. हे वाचून दाखवताच मांडीवर सूप घेऊन पान कापत बसलेल्या एका बाईंची कात्री थांबली. “म्हणजे शेवटी माझ्यावरच आलं की,” त्या म्हणाल्या. खोदून विचारल्यावर कळले, की पान कमी भरले किंवा विड्या बाद झाल्या तर ‘जबाबदारी तुमची’ असे सांगून त्यांचे पैसे कापले जातात. त्यांच्या लेखी जबाबदारी म्हणजे जे अंगावर पडते ते. मग येथे कोणता शब्द वापरावा? आणि ‘व्हिक्टिम ब्लेमिंग’ला, म्हणजे सोसणाऱ्यालाच दोष देण्याला, मथळ्यात काय म्हणावे?

तत्सम
‘जबाबदारी’ हा अरबी-फारसी शब्द सोडून ‘उत्तरदायित्व’ लिहावे, म्हणजे पैसे कापण्याची ती छाया राहणार नाही. दुसऱ्यासाठी ‘पीडितदोषारोपण’ हा शब्द निर्दोष आहे.

काळा कोट (निवृत्त)
निर्दोष असेल, पण उच्चारता येईल का? शिवाय ‘उत्तरदायित्व’ हा ‘जबाबदारी’चाच शब्दशः संस्कृत अवतार आहे, जवाब म्हणजे उत्तर. ‘जाब विचारणे’ आणि ‘जाबजबाब’ यांतला जाबही तोच. उत्तर द्यायला कोणाला उभे करतात? ज्याच्यावर संशय असतो त्याला. त्या बाईंनी शब्द चुकीचा ऐकला नाही, त्याच्या पोटात दडलेला जाब ऐकला. आमच्या न्यायालयांनीही पीडितेलाच जाब विचारण्यात हयात घालवली. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात (घटना १९७२ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ चा) त्या मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे दोघा पोलिसांच्या निर्दोष सुटकेच्या कारणांपैकी एक होते. त्यावरच्या आंदोलनातून बलात्काराच्या कायद्यात १९८३ ची दुरुस्ती आली. पण तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवू देणारे पुराव्याच्या कायद्यातील कलम जायला २००२ साल उजाडले.

पूर्व भागातला
त्या बाई घरी तेलुगू बोलत असतील तर घोळ अधिक गमतीचा आहे. तेलुगूत अत्याचार सोसलेल्या स्त्रीला ‘बाधितुरालु’ म्हणतात आणि जबाबदारीला ‘बाध्यत’. दोन्ही शब्द ‘बाध्’ या एकाच धातूचे! मराठीत ‘पूरबाधित’ चालते, पण ‘बाध्यता’ म्हटले की सक्ती आठवते. दोषाला मात्र आमच्याकडे ‘तप्पु’ हा अगदी स्वतंत्र शब्द आहे. “नी तप्पु कादु” (तुझी चूक नाही) असे आजी म्हणायची, आणि त्यापुढे उपदेश करायची नाही.

दक्षिण कसबा
कन्नडमध्येही ‘तप्पु’च, आणि जबाबदारीला ‘होणे’ आहे. तरी आमच्या घरी सर्रास ‘जवाब्दारी’च म्हणतात. तेव्हा परका शब्द म्हणून तो हाकलणे सोलापुरात तरी शोभत नाही.

काडीमोड
शब्द बदलून काय होणार? हा उपदेश चुकीच्या व्यक्तीला चालला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन यांनी १९७१ मध्ये ‘बळीला दोष देणे’ ही कल्पना रूढ केली, ती अमेरिकेतल्या गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना त्यांच्याच दैन्यासाठी कारणीभूत धरणाऱ्या वृत्तीविषयी होती. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांच्या १९६६ च्या प्रयोगात विजेचे झटके बसत असल्याचे भासवलेल्या स्त्रीला मदत करता येत नाही असे दिसल्यावर बघ्यांनी तिलाच कमी लेखले. जग न्यायी आहे हा आपला समज टिकवायचा, तर तिने काहीतरी केलेच असणार, असे मानणे सोयीचे पडते. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही आपली म्हण त्याच सोयीतून आली असावी. तेव्हा आत्मविकासाचा धडा आधी बघ्यांना द्यावा: निवाडा करण्यापूर्वी थांबणे, ‘तू तिथे का गेलीस’ हा प्रश्न जिभेवरच धरून ठेवणे, आपल्याला भीती कशाची वाटते ते तपासणे. ही सारी मनाची मशागत ऐकणाऱ्याची आहे.

तत्सम
‘बळी’ हा शब्द येथे अनुचित आहे. बळी देवाला देतात, आणि तो जिवंत परत येत नाही.

सुईदोरा
म्हणूनच मी ‘सोसलेली’ लिहिते. काडीमोड यांचे म्हणणे पटते, परंतु ऐकणाऱ्यांची बैठक भरवायला मला अजून कोणी सापडलेले नाही. माझ्यासमोर त्या बाई आहेत. तूर्त ‘दोष त्याचा. पुढचे पाऊल तुमच्या हाती. साथ आमची’ असे केले आहे. मथळ्यात ‘तिच्याच माथी खापर’ कसे वाटते? (‘वैयक्तिक वाढ’ मात्र खोडले. “वाढ काय, भात का भाकरी?” असे एकीने विचारले.)

तत्सम
खापर माथी मारत नाहीत, फोडतात.

दक्षिण कसबा
आणि ते अंत्यविधीच्या मडक्यावरून आले आहे, असे माझे आजोबा सांगत.

काळा कोट (निवृत्त)
आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, की अंत्यविधीत मडके कोणाच्या डोक्यावर फोडत नाहीत. संस्कृत ‘खर्पर’पासून आलेला हा साधा मडक्याचा तुकडा आहे, तो माथ्यावर कसा पोहोचला, हे कोणी दाखवून द्यावे.

दक्षिण कसबा
उद्या आजोबांची जुनी वही काढतो.