कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा? आई विचारते आहे

महालवाला: मागच्या मंगळवारी आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कार्डावर लिहिलं होतं 'कॅटरॅक्ट, फेको'. सातवीतली पुतणी म्हणाली, "काका, कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा ना? नाईल नदीवर आहेत सहा." काळा चष्मा लावून बसलेली आई म्हणे, "पाह्य बाप्पा, माह्या डोयात धबधबा!" तेव्हापासून येईल त्याला हेच सांगते. मोतीबिंदू समजतो, बाहुलीत मोत्यासारखं पांढरं दिसतं. पण धबधबा?

जुना_कंपाउंडर: पाण्याचीच भानगड आहे. डोक्यातून काहीतरी पातळ झिरपतं आणि बाहुलीमागे साकळतं, असा जुना समज. अरबी हकीम या रोगाला 'पाणी उतरणं' म्हणत. मोमिनपुऱ्यातले एक हकीमसाहेब आमच्या दुकानात यायचे, तेही 'नुजूल-उल-मा'च म्हणायचे. 11व्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकन याने इटलीत अरबी वैद्यक लॅटिनमध्ये नेलं, तेव्हा या रोगाला 'कॅटरॅक्टा' नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्द म्हणजे वरून जोरात खाली येणारं.

गोकुळपेठ४२: थांबा राजेहो. किल्ल्याच्या दारात वरून सोडायची जाळी असते ना, तिलाही लॅटिनमध्ये तोच शब्द. नजरेपुढे दार पडलं, असाही अर्थ लावतात. मला हाच पटतो.

जुना_कंपाउंडर: लावा. पण अरबी शब्दात दार नाही, पाणीच आहे. गंमत म्हणजे पाणीही नव्हतंच! 1705 साली ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने मेलेल्या सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तर आतलं भिंगच गढुळलेलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वैद्यबाई: 'फेको' राहिलं की, म्हणजे गढूळ भिंग आतच फोडून काढायचं ऑपरेशन. ग्रीक 'फाकोस' म्हणजे मसूर. लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजेही मसूरच, भिंगाचा आकार तसा म्हणून. आणि सुश्रुतसंहितेत डोळ्यातल्या 'दृष्टी' नावाच्या भागाचं माप दिलंय 'मसूरदलमात्रा', मसुराच्या डाळीएवढी.

महालवाला: आमच्या घरी तुरीशिवाय डाळ नाही. आज इतवारीतून मुद्दाम पावभर मसूर डाळ आणली. आईने एक दाणा खिडकीशी धरला, आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिला. "या डोयानं केशरी दिसते. अन् त्या डोयानं तं तुरीचीच वाटते रे." डाव्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.